तुषारद्वीपावरील वडवानल

इंद्राने पर्वतांचे पंख छाटून त्यांना आपापल्या जागी बसवले, त्यानंतरच्या युगात मेरूच्याही पलीकडे, उत्तर समुद्राच्या टोकाला, तुषारद्वीप नावाचे बेट होते. भूमी कठोर, वृक्ष कमरेपलीकडे वाढत नसत. पण गवत दाट येई, कड्यांवर लक्षावधी समुद्रपक्षी घरटी बांधीत आणि खाड्या मत्स्यांनी भरलेल्या असत. तेथील धीवर व मेंढपाळ धौम्रायण ऋषी आणि त्यांची धर्मपत्नी ऋतंभरा यांच्या आश्रमाच्या छायेत सुखाने राहत.

त्या बेटावर स्तंभासुराची दृष्टी पडली. सहस्र वर्षे हिमात उभे राहून त्याने ब्रह्मदेवाकडून वर मिळवला होता, की आकाशातून येणाऱ्या कोणत्याही तेजाने आपला पराभव होऊ नये. सूर्याचे किरण, विद्युल्लता, प्रत्यक्ष वज्र, सारे त्याच्यापुढे निष्प्रभ झाले. तो उतरला तसे निर्झर थिजले, खाड्या गोठल्या, नावा बर्फात जखडल्या आणि आश्रमातले अग्निहोत्रही विझले.

धीवरांचा प्रमुख नौकर्ण आश्रमात आला. "माते, मेंढ्या उभ्या जागी मेल्या. होड्या अडकल्यामुळे पळून जायलाही वाट नाही. परवापासून आमची पोरं रडतसुद्धा नाहीत."

धौम्रायणांनी मान खाली घातली. "देवी, माझे सारे तप मी सूर्याच्या उपासनेत वेचले, आणि तो सूर्यच येथे हतबल आहे. मला उपाय दिसत नाही."

"आर्य, असुराचा वर केवळ आकाशातल्या तेजाविषयी आहे," ऋतंभरा म्हणाली. "समुद्राच्या तळाशीही एक अग्नी आहे."

गोठलेल्या समुद्रावरून ती एकटीच चालत गेली. तिमिंगलाच्या अस्थीने तिने बर्फ फोडला आणि त्या काळ्या पाण्यात हात बुडवून वरुणाला आवाहन केले. जलाधिपती प्रकट झाला.

"ऋतंभरे, वडवानल त्रैलोक्य जाळील म्हणून मी त्याला युगानुयुगे उराशी बांधून ठेवले आहे. तुझ्यासाठी त्याला वाट देईन. पण जी त्याला बोलावील, तिनेच त्याला आवरावे. तो आवरला नाही, तर तुझ्या बेटाची राख होईल."

"भगवन्, पस्तीस वर्षे मी आश्रमाची चूल पेटवली आणि राखेखाली निखारा जपला. अग्नीला किती द्यावे आणि कोठे थांबवावे, हे मला ठाऊक आहे."

तेव्हा समुद्र दुभंगला, भूमी थरारली आणि बेटाच्या मध्यातून ज्वालांचा पर्वत उसळला. गारांच्या सेना घेऊन स्तंभासुर धावला. धूम्र आणि हिम यांचा तो संग्राम नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी असुराची हिममय छाती तडकली आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

परंतु विजयाने मातलेला वडवानल आता धीवरांच्या झोपड्यांकडे वाहू लागला. लोक आक्रंदत असता ऋतंभरा त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तिचे केस होरपळले, भुवया जळल्या. पाऊल मागे गेले नाही.

"पुत्रा, पुरे," ती म्हणाली.

एका ऋषीच्या क्रोधातून जन्मलेल्या त्या अग्नीला आजवर कोणी पुत्र म्हटले नव्हते. तो तिच्या पावलांपासून हातभर अंतरावर थांबला, काळवंडला आणि शिळा झाला.

शरण आलेल्या असुराला तिने पर्वतमाथे राहायला दिले. "तुझ्या हिमनद्यांनी खाली उतरावे, पण कुरणांपाशी येताच पाणी व्हावे," अशी मर्यादा घातली. प्रसन्न वरुणाने दक्षिण किनाऱ्याला उष्ण जलाचा प्रवाह दिला. मग सूर्यनारायण स्वतः आले. "माते, तुझ्या संकटात मी उपयोगी पडलो नाही. ग्रीष्मात कित्येक दिवस मी येथे मावळणार नाही, आणि हेमंताच्या दीर्घ रात्रींत माझी रंगीत वस्त्रे तुझ्या आकाशात पसरून ठेवीन."

नौकर्णाने त्याच दिवशी पहिली नाव पाण्यात लोटली. आजही त्या बेटाच्या माथ्यावर हिम आणि पायथ्याशी उकळते झरे आहेत, भर शिशिरात दक्षिणेची बंदरे खुली राहतात. आणि अग्नी व हिम, दोघेही ऋतंभरेने आखलेल्या सीमेत शेजाऱ्यांसारखे नांदतात.