हौदाचा उंबरा

अहो, उठा तिथून. पायरी नाही ती, उंबरा आहे. घराच्या उंबऱ्यावर बसता का असे? हौदाला उंबरा कसला, हेच आलं ना मनात? पालिकेकडून पाहणीला येणारा प्रत्येक जण तिथंच टेकतो आणि हेच विचारतो. मी शिवदास कासार, जन्म याच पेठेतला. सांगून सांगून घसा बसला माझा, पण ऐका.

फार पूर्वी ही पेठ अशीच मोडकळीला आली होती म्हणे. हौदाला पाणी आणणारा खापराचा नळ फुटला, तो कुणी दुरुस्त करीना. पाणी आटलं तशी लोकांनी हौदात राख टाकली, खरकटं टाकलं. रोगराई आली. ज्यांना जमलं ते निघून गेले. मागे राहिली पडकी घरं आणि कुठं जायला ठाव नसलेली माणसं. त्यांत एक सगुणा कासारीण, बांगड्या भरून पोट भरणारी.

एक दिवस इथले सरदार आले, नाकाला शेला लावून. त्यांना इथं घोड्यांची पागा बांधायची होती. घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पेठ उठवा. दसऱ्याला येतो." सगुणा पुढं झाली आणि म्हणाली, "होय सरकार, उठवतो."

सरदारांची पाठ फिरताच लोक तिच्या अंगावर धावून गेले, असं सांगतात. कुणाला विचारून शब्द दिलास? ती म्हणाली, "उठवा म्हणाले, हाकला नाही म्हणाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवतोच ना आपण? तशी उठवू." नुसत्या शब्दावर घरं वाचत नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण दुसरं हातात होतं काय?

मग लोकांनी हौद उपसला. पडक्या घरांचे वासे, विटा, दगड निवडून उभ्या घरांना लावले. नळ सांधला. हौदाची ही बाजू मात्र पार ढासळली होती आणि तिला दगड पुरेना. तेव्हा सगुणानं आपलं राहतं घर उतरवलं. उंबरा सगळ्यात शेवटी काढला आणि इथं बसवला. त्या संध्याकाळी हौदात पाणी पडलं म्हणे.

दसऱ्याला सरदार आले ते संतापलेच. सगुणा म्हणाली, "सरकार, उठवली पेठ." तोवर त्यांचा घोडा मान खाली घालून पाणी प्यायला लागला होता. शब्द त्यांचाच, मागे कसा घेणार? त्यांनी विचारलं, "तुझं घर कोणतं?" ती म्हणाली, "आपण त्याच्या दारात उभे आहात." तेव्हा सरदार खाली उतरले आणि त्यांनी जोडे काढले. पागा दुसरीकडे झाली.

आजही दसऱ्याला पेठेतलं पहिलं तोरण घराला नाही, या हौदाला बांधतात. एवढंच राहिलंय. नळ पुन्हा फुटलाय, तुमच्याकडे अर्ज देऊन थकलो. हौदात प्लास्टिकच्या पिशव्या फेकणारे आमचेच शहाणे. चीड येते, त्यांचीही आणि तुमचीही. परवा तुमच्या माणसानं या उंबऱ्यावर लाल रंगानं फुली मारली, पाडायचा म्हणून. नोटिशीत लिहिलंय, दसऱ्यापर्यंत वस्ती उठवण्यात येईल.

साहेबांना सांगा, आमची काही हरकत नाही. उठवतो. उद्या सकाळी हौद उपसायला घेतोय.