शिंपिणीचा कापूस आणि गाडीतला उंदीर

उंदीर आमच्या गाडीत का शिरला, हे मी सांगायचं नाही. तसं मी कबूल केलंय. म्हणून मी फक्त शिंपिणीचं सांगते.

शिंपीण म्हणजे एक पक्षीण. अंगठ्याएवढी. शेपटी वर, चोच बारीक. तिनं जास्वंदीची दोन पानं शिवली. टाका, टाका, टाका. आजीच्या वातींचा कापूस आणला. पानात आधी काड्या, वर कापूस घातला. मऊ मऊ घरटं झालं. घरट्यात एक अंडं घातलं.

शिंपीण किडा आणायला गेली. भुर्र.

शिंपीण परत आली. भुर्र. बघते तर अंडं आहे, कापूस नाही. अंडं टणक काड्यांवर.

खाली गाडी उभी होती. दसऱ्यापासून जागची हलली नव्हती. गाडीच्या बॉनेटमधून आवाज आला. कुरुम कुरुम.

शिंपीण फटीपाशी बसली. "उंदरा उंदरा, माझा कापूस दे."

उंदीर आतून म्हणाला, "कसला कापूस? सापडला त्याचा झाला. इथं ऊब आहे, खायला आहे. मनी आली तरच मी उतरेन."

भुर्र भुर्र. शिंपीण गेली मनीकडे. मनी मांजर पायरीवर अंग चाटत होती.

"मनी मनी, उंदराला हाकल."

"का गं?"

"उंदीर कापूस देईना,
अंडं माझं टणक काड्यांवर."

मनी म्हणाली, "बॉनेट बंद आहे. मी काय पत्रा खाऊन आत जाऊ? बॉनेट उघडलं की हाकलते."

भुर्र भुर्र. शिंपीण गेली बॉनेटकडे.

"बॉनेटा बॉनेटा, उघड."

"का गं?"

"मनी उंदीर हाकलेना,
उंदीर कापूस देईना,
अंडं माझं टणक काड्यांवर."

बॉनेट म्हणालं, "माझा खटका आत आहे, आजोबांच्या पायापाशी. आजोबांनी खटका ओढला की उघडतं."

भुर्र भुर्र. शिंपीण गेली आजोबांकडे. आजोबा ओट्यावर पेपर वाचत होते.

"आजोबा आजोबा, खटका ओढा."

"का गं?"

"बॉनेट उघडेना,
मनी उंदीर हाकलेना,
उंदीर कापूस देईना,
अंडं माझं टणक काड्यांवर."

आजोबा म्हणाले, "माझ्या गाडीत उंदीर? छे." मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "गाडीवर दसऱ्याचा हार आहे. हार असताना मी बॉनेट उघडत नाही. आणि हार जिनं ओवला तिनंच काढायचा. आजीनं हार काढला की ओढतो."

भुर्र भुर्र. शिंपीण गेली आजीकडे. आजी झोपाळ्यावर बसली होती.

"आजी आजी, हार काढ."

"का गं?"

"आजोबा खटका ओढेनात,
बॉनेट उघडेना,
मनी उंदीर हाकलेना,
उंदीर कापूस देईना,
अंडं माझं टणक काड्यांवर."

आजी हळूच म्हणाली, "मांडीवर बाळ झोपलंय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. बाळ उठलं की काढते."

शिंपीण झोपाळ्याच्या कडीवर बसली.

"बाळा बाळा, ऊठ."

बाळ म्हणालं, "घुर्र."

"आजी हार काढेना,
आजोबा खटका ओढेनात,
बॉनेट उघडेना,
मनी उंदीर हाकलेना,
उंदीर कापूस देईना,
अंडं माझं टणक काड्यांवर."

बाळ म्हणालं, "घुर्र."

आता विचारायला कुणी उरलं नाही.

शिंपीण उडाली. गाडीवरच्या हारापाशी गेली. झेंडूची एक पाकळी चोचीत धरली. ओढली, निघेना. पुन्हा ओढली, निघेना. पाय रोवून ओढली. सुटली.

भुर्र भुर्र. पाकळी आणली. बाळाच्या नाकावर टाकली.

बाळाचं नाक हललं. तोंड उघडलं. आ... आ... आच्छी.

बाळ उठलं.
आजीनं हार काढला. सळसळ.
आजोबांनी खटका ओढला. टक्.
बॉनेट उघडलं. करर्र.
मनीनं उडी मारली. धप्प.
उंदीर पळाला. तुरुतुरु तुरुतुरु. कुंपणाखालून पार पलीकडे.
कापूस तिथेच राहिला.

शिंपिणीनं कापूस चोचीत घेतला. थोडा काळा झाला होता. चालतंय. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. घरटं मऊ झालं. अंडं मऊ कापसावर. शिंपीण अंड्यावर बसली. गप्प बसली.

मग आजोबांनी गाडीतला कचरा झाडून काढला. पूजेच्या अक्षता निघाल्या. लेंड्या निघाल्या. एक वायर थोडी कुरतडलेली होती, तुटली नव्हती. आजोबांनी चंचीतली सगळी तंबाखू फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी आत टांगली. उंदराला तो वास आवडत नाही, म्हणाले. आजीलाही आवडत नाही. आजी म्हणाली, "बरं झालं, एकदाची कामी आली."

आता आजोबा रोज गाडी सुरू करतात. आधी बॉनेटवर ठक ठक करतात. कुणी आत असेल तर त्यानं उतरावं म्हणून.

संपली गोष्ट. म्हणजे शिंपिणीची संपली. पण बॉनेट उघडलं तेव्हा कापसाशेजारी अजून एक वस्तू होती. खोबऱ्याची वाटी. अर्धी खाल्लेली.

आजी म्हणाली, "अहो, ही इंजिनात कशी आली?"

आजोबा म्हणाले, "उंदरानं आणली असेल."

आजी म्हणाली, "कुंकू लावून?"

आजोबा झाडाकडे बघायला लागले. आजीनं मग मला विचारलं. मी तर न सांगायचं कबूल केलंय. पण दसऱ्याला पूजेचं तबक माझ्याच हातात होतं. बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्यातली एक वाटी नैवेद्य म्हणून आत ठेवून जे विसरले ना, ते आपले आ

"केतकी, पुरे झाली गोष्ट. इकडे ये बघू."