शिवाप्पाचं चकचकीत पाकीट

एका गावात शिवाप्पा नावाचा एक गवळी होता. त्याच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, पण त्याचा सगळा जीव एकीवर, तुळसावर. घरच्या खव्याचे पेढे तो दारातच विकायचा. तुळसाही तिथेच असायची, दारातल्या कडुनिंबाखाली बांधलेली.

पेढे मिळायचे पळसाच्या पानात. माणसं उभ्या उभ्याच पेढा खात आणि खव्याने माखलेलं पान तुळसापुढे टाकत. तुळसा ते चाटूनपुसून फस्त करी. गावात ती रीतच पडून गेली होती. पोरं तर पेढा घरी नेतच नसत. तुळसाला पान द्यायचं राहील ना!

पुढे काळ पालटला. वाण्याकडची कागदाची पुडी गेली, तेल आणायची किटली माळ्यावर जाऊन बसली, बिस्किटापासून शांपूपर्यंत सगळं पाकिटात आलं. शिवाप्पाला आपल्या पानाची लाज वाटू लागली. आधी त्याने पुठ्ठ्याचे खोके आणले, मग पातळ पिशव्या. तरी मन भरेना. शेवटी शहरातून पाकिटं छापून देणारा एक माणूस आला.

"एकेक पेढा वेगळ्या पाकिटात घाला," तो म्हणाला. "पाण्यात भिजणार नाही, कुजणार नाही. वर तुमचं नाव छापू. दहा वर्षांनीसुद्धा एक अक्षर पुसलं जाणार नाही!"

शिवाप्पा हुरळला. त्याने आपलं नाव तर छापलंच, शिवाय शिंगांना गोंडे बांधून तुळसाचा फोटो काढला आणि तोही पाकिटावर घातला.

त्याची बायको गौराक्का पाकीट उलटंसुलटं करून बघत म्हणाली, "अवो, पान जनावर तरी खात हुतं. ह्ये कोण खायाचं?"

"खायाचा असतो पेढा, पाकीट न्हवं!" शिवाप्पा हसला.

पेढे पहिल्यापेक्षा दुप्पट खपू लागले. शिवाप्पाची मान ताठ झाली. एक गोष्ट मात्र गौराक्काच्या डोक्यातून जाईना. दिवसाला शंभरभर पाकिटं दारातच फोडली जायची आणि संध्याकाळी अंगण लख्ख.

"अवो, एवढी पाकिटं जात्यात कुठं?" तिने एकदा विचारलं.

"वाऱ्यानं उडत असतील. झाडायचं वाचलं तुझं, तर तेचं बी दुखणं!" शिवाप्पा म्हणाला आणि पुन्हा पेढे वळू लागला. मान वर करून कडुनिंबाकडे एकदा बघितलं असतं, तर उत्तर तिथेच उभं होतं. पण खप चांगला चालला असला की माणसाची मान सहसा वर होत नाही.

दोन वर्षं गेली. एके दिवशी तुळसाने वैरण सोडली. रवंथ थांबला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. शिवाप्पाने सगळे घरगुती उपाय केले, काही चालेना. अखेर जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर हात दाबून बघितला आणि म्हणाले, "आत काहीतरी अडकलंय. पोट उघडावं लागेल."

डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्यांनी ओढून काढला तो एक भलामोठा गोळा, चिकट, काळपट, घट्ट पिळलेला. मग दुसरा. मग तिसरा. घमेलं भरलं. जमलेल्या माणसांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली.

शिवाप्पाने त्यातला एक तुकडा उचलला आणि बादलीतल्या पाण्यात खळबळला. घाण निघून गेली. आतून बाहेर आलं ते त्याचंच चकचकीत पाकीट. तुळसाच्या पोटातून तुळसाच त्याच्याकडे बघत होती! शिंगांचे गोंडेसुद्धा तसेच लालभडक. खाली त्याचं स्वतःचं नाव, आणि एक अक्षरही पुसलं गेलेलं नव्हतं.

"आरं द्येवा! म्याच चारलं व्हय गं तुला ह्ये?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आपल्या हाताने तुळसापुढे पाकीट टाकलेलं होतं. जुनी सवय, आणि तीही मायेची. पान बदललं, हात बदलला नव्हता. बिचारी तुळसा खव्याच्या वासाला भुलली.

शिवाप्पाने धावत जाऊन पळसाची कोवळी पानं आणली, एका पानाला खवा माखला आणि तिच्या तोंडाशी धरलं. तुळसाने वास घेतला. तोंड काही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

उरलेली पाकिटं शिवाप्पाने पोत्यात भरून शहरातल्या माणसाला परत पाठवली आणि पेढे पुन्हा पळसाच्या पानात बांधायला घेतले. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पेढा खाल्ला आणि बोलता बोलता, सवयीने, पान कडुनिंबाखाली टाकलं. मग त्याची नजर रिकाम्या खुंट्याकडे गेली. ते पान संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होतं.

तात्पर्य: वस्तू कशात गुंडाळायची हे ठरवताना ती कशी दिसेल एवढंच बघू नये, वस्तू संपल्यावर ते वेष्टण कुणाच्या तोंडी जाईल, हे आधी विचारावं.