पदर कापलेली काहील

घणवाडीला एस.टी.तून उतरले की लोहारगल्लीच्या तोंडाशीच एक फाटकी लोखंडी काहील पालथी घातलेली दिसते. गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची कढई ती, गाडीच्या चाकाच्या दुप्पट रुंद. तिच्यामागे ग्रामपंचायतीची निळी पाटी आहे : ‘कारभारी दौलतराव यांनी गावास दान दिलेली काहील.’ पाहुणे पाटी वाचतात, फोटो काढतात आणि निघू लागतात, तोच पलीकडच्या कट्ट्यावरून केरबा मिस्त्रींची हाक येते. मिस्त्रींनी ऐंशी कधीच ओलांडली, पण ही पाटी वाचताना कुणी दिसले की त्यांचे पित्त अजून खवळते.

“दान म्हनं दान! ज्यानं मानूस मारलं त्येला दानशूर करून ठेवलाय. बसा हितं, सांगतो.”

आणि मग ते सांगतात ते असे.

जहागिरीच्या काळात या गल्लीत काहिलींचा मोठा कारखाना होता. पत्र्यावर कापायच्या रेघा आखायचे काम हौसा लोहारीण करी. नवरा गेल्यावर बाईने घण उचलावा की भाता ओढावा, यावर भाऊबंद काथ्याकूट करीत बसले, आणि हिने सरळ नवऱ्याची चुन्याची दोरी उचलली. तिची नजर अशी की दोरी झटकली की रेघ केसभर इकडची तिकडे होत नसे, असे सांगतात. चुन्याची रेघ कामकऱ्यांच्या पायांनी पुसते, म्हणून ती रेघेवर बोटाबोटाच्या अंतराने टोच्याने बारीक खुणा ठोकी. त्या खुणांना ती टिकल्या म्हणे. गल्लीतल्या बायका चेष्टा करीत, “कपाळाची गेली, ती पत्र्याला लावतीया.” हौसाही हसे आणि पुढची टिकली ठोकी.

काहील एका पत्र्याची होत नाही. तुकडे एकमेकांवर चढवून रिबिटांनी जोडायचे असतात. जोडाच्या जागी जो जादा पत्रा ठेवतात, त्याला पदर म्हणतात. हौसा चार बोटे पदर ठेवी, त्याला कमी नाही. “बाईचा पदर लाज राखतो, लोखंडाचा जीव राखतो,” असे ती म्हणे.

एका साली जहागीरदारांच्या गुऱ्हाळांसाठी सात काहिलींचा पत्रा आला. हौसाने चार दिवस खपून सगळा आखला आणि लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. तिची पाठ वळते न वळते तोच कारभारी दौलतराव कारखान्यात आले. हे जहागीरदारांचे साडू. त्यांना त्याच पत्र्यात आठवी काहील हवी होती, स्वतःच्या गुऱ्हाळासाठी. त्यांनी चुना पुसायला लावला आणि चार बोटांचा पदर एका बोटावर आणून नव्या रेघा मारल्या. त्यामुळे एका तुकड्याच्या कापलेल्या पदराची पट्टी, हौसाच्या टिकल्यांसकट, शेजारच्या तुकड्याच्या कडेला गेली.

छिन्नी चालवणारा सिदू म्हणजे हौसाचा धाकटा दीर. त्याला कारभाऱ्यांनी सांगितले, “हौसाच दुरुस्ती सांगून गेली आहे.” रेघ एकीकडे आणि टिकल्या भलतीकडे, हे सिदूला दिसत होते म्हणे. पण मोठ्या माणसाला विचारायचे कसे? त्याने छिन्नी लावली आणि हात चालले. केरबा मिस्त्री इथे हमखास थांबतात, कारण सिदू त्यांचा खापरपणजोबा. “आमच्याच घरचं पाप हाय ह्ये,” एवढे म्हणून पुढे सांगतात.

काहिली झाल्या, चुलवाणावर चढल्या. जहागीरदारांच्या गुऱ्हाळात संतू गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, होता. हौसा दर भाऊबीजेला ओवाळायची, तो हा मानलेला भाऊ. रस उकळून काकवीला आला, संतू काठाशी वाकून तार बघत होता, आणि जोड उसवला. एक बोट पदर तो किती धरणार! उकळता रस संतूच्या अंगावर आला. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तो गेला.

काहील निवायच्या आधीच कारभाऱ्यांनी चावडीवर सांगून टाकले, “बाईमाणसाच्या हाती रेघ दिली की असंच व्हायचं.” हौसा परत आली ती भावाच्या मातीला नव्हे, निवाड्याला. तिच्यापुढे फाटकी काहील आणून ठेवली. ठरले होते ते असे, की तिची दोरी काढून घ्यायची, घर गल्लीबाहेर काढायचे आणि संतूचे मरण तिच्या नावावर मांडायचे.

हौसा रडली नाही. तिने कमरेची दोरी सोडली आणि फाटक्या कडेपासून तीन बोटे आत, टिकल्यांवर ताणून धरली. एकूण एक टिकली दोरीखाली आली.

“माझी रेघ ही हाय. कड तिथं कशी गेली?”

“ते घणाचे घाव आहेत,” कारभारी म्हणाले.

“घन काय बोटाबोटाच्या अंतरानं पडतो व्हय, सरकार?”

चावडीतल्या प्रत्येकाला कळले. जहागीरदारांनाही कळले. पण साडू तो साडू. घसा खाकरून ते म्हणाले, “झालं ते झालं. माणूस काही परत येत नाही. हौसाबाई, चूक पदरात घे आणि विषय संपव.”

तेव्हा म्हणे हौसाचा आवाज नदीपलीकडे गेला.

“पदर कापला तुमी, आन चूक माझ्या पदरात?”

ती तशीच त्या फाटक्या काहिलीत जाऊन बसली. जिने रेघ मारली तिला विचारल्याशिवाय ती पुसणाऱ्याने सगळ्यांदेखत ‘रेघ माझी’ म्हणेपर्यंत उठणार नाही, असे तिने अन्नावर हात ठेवून सांगितले. मग तिने सिदूकडे पाहिले. सिदू गर्दीतून पुढे आला आणि छिन्नी तिच्या पायाशी टाकली.

“रेघ वैनीची न्हवती. मला दिसत हुतं. मी इचारलं न्हाई.”

त्याच्यामागून दुसरी छिन्नी पडली, तिसरी पडली. संध्याकाळपर्यंत गल्लीतली एकही छिन्नी घरी राहिली नाही. त्याच जोडाच्या बाकीच्या काहिलींपुढे उभा राहायला एकही गुळव्या तयार होईना, आणि नव्या काहिली घडवायला लोहार मिळेना. तोडलेला ऊस फडात वाळू लागला. माणूस मेला तेव्हा जहागीरदारांना जाग आली नव्हती. ऊस वाळला तेव्हा आली. नवव्या दिवशी त्यांनी साडूला चावडीवर उभे केले. कारभारी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. हौसा म्हणाली, “संतूला ऐकू जाऊ दे.” मग ते मोठ्याने म्हणाले, “रेघ माझी.”

हौसा उठली. ती काहील तिने वितळवू दिली नाही. गल्लीच्या तोंडाशी पालथी घालायला लावली.

आजही ती तिथेच आहे. सगळ्या पत्र्यावर गंज आहे, पण टिकल्या लख्ख आहेत. हौसाचे सत्त्व, असे कुणी म्हणते. मिस्त्री म्हणतात, कामावर जाणारा प्रत्येक कापणारा त्यांवरून अंगठा फिरवून जातो, गंज चढेल कसा? गल्लीत आता गॅसकटर आले, कॉम्प्युटरवर चालणारे मशीन आले. तरी पत्र्याला पहिला काप देण्याआधी कापणारा विचारतो, “रेघ कुनाची?” आणि आखणाऱ्याने स्वतःचे नाव सांगायचे असते. मागे शहरातून एक इंजिनिअर नकाशा घेऊन आला होता. “कंपनीची,” म्हणाला. त्याने स्वतःचे नाव सांगेपर्यंत कुणी गॅस पेटवला नाही.

एवढे सांगून झाले की मिस्त्री काठीने निळी पाटी दाखवतात.

“ही अक्षरं कुनाची, म्हनून पंचायतीत इचारलं. तीन सरपंच झाले. अजून एकानं नाव सांगितल्यालं न्हाई.”