आजीच्या दारापुढचा कातळ

फार फार वर्षांपूर्वी, राजधानीचा रस्ता जिथवर पोचलाच नव्हता, अशा एका डोंगराळ गावात एक म्हातारी राहत होती. सारं गाव तिला आजी म्हणे. घरात ती एकटीच.

गावाला पाणी नव्हतं. झरा होता, पण वर डोंगरात. राजाची माणसं दरवर्षी येत, झरा पाहून माना डोलावत आणि पोटभर जेवून परत जात. शेवटी गाव वैतागलं. झऱ्यापासून पाट आपणच खणायचा असं ठरलं. डोंगरातला भाग सगळ्यांनी मिळून खणला. गावातला ज्याने त्याने आपापल्या दारापुढचा खणायचा होता.

"आजी, जमेल ना?" पाटलांनी जाता जाता विचारलं.

"न जमायला काय झालं?" आजी म्हणाली. पाटील पुढे गेलेसुद्धा.

आजीचं घर गावाच्या मधोमध. वीतभर माती निघाली आणि खाली कातळ लागला. आजी रोज पहार मारी, ठिणग्या उडत, कातळ काही हलत नसे. हातांना फोड आले, तरी तिने कुणाला हाक मारली नाही. आपल्याच्याने होत नाही म्हटलं, तर उद्या गावाच्या कामात आपलं घर कुणी धरणार नाही, ही तिची भीती. येणारे-जाणारे बघत आणि आपल्या दारापुढचं खणायला निघून जात.

पाणी सोडायचा दिवस आला. पाणी खळखळत आजीच्या दारापर्यंत पोचलं आणि तुंबलं. खालची घरं हंडे मांडून बसली ती बसलीच. वरच्या घरांच्या अंगणांत पाणी शिरलं, आणि सगळ्यांत आधी भिजली ती पाटलांनी वाळत घातलेली बाजरी!

"आजी, अहो, सांगायचं तरी!" पाटील तावातावाने आले.

आजी पहार धरून पाटातच उभी होती. "होईल रे बाबा उद्यापर्यंत," ती म्हणाली. "तेवढं माझं घर गावातून वगळू नका."

पाटलांची नजर तिच्या हातांवर गेली. बांधलेल्या फडक्यातून रक्त आलं होतं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"आम्हाला दिसत होतं, आजी. आमचंच चुकलं."

आजीला रडू फुटलं. पाटलांनी तिच्या हातातली पहार हळूच काढून घेतली.

मग वरून पाणी अडवलं. तुंबलेलं हंड्यांत उपसून ठेवलं. घराघरातून लाकडं आली, कातळावर पेटली. तापलेल्या कातळावर तेच पाणी ओतलं, तसा त्याला तडा गेला. मग घण चालले. दुसऱ्या दिवशी पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचलं.

पुढे दरवर्षी पाटातला गाळ काढताना पहिली कुदळ आजीच्या दारापुढे पडे. आजी गेली, तेव्हा गावाने आणखी कुणाचे हात थकलेत ते पाहिलं आणि कामाची सुरुवात त्याच्या दारापासून केली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: सगळ्यांचं काम सगळ्यांत थकलेल्या हातांपासून सुरू केलं, तरच ते सगळ्यांपर्यंत पोचतं.