ठकूने महाल तापवला

धुकेगडच्या भीमधवल राजाला थंडी वाजायची आणि कुडकुडायचं मात्र अख्ख्या गावाने!

राजाचा दरबार भरायचा गडाच्या टोकावरच्या महालात. छत इतकं उंच की हत्तीवर हत्ती उभा केला तरी वर जागा उरेल. खिडक्या बावीस, आणि त्या सताड उघड्या. सिंहासनावरून सगळं राज्य दिसलं पाहिजे, हा राजाचा हट्ट! खाली आठ मोठ्या शेगड्या धडधडत आणि वर सात शाली पांघरून राजा ओरडे, "अजून लाकडं आणा!"

शेवटी हुकूम सुटला : दर आठवड्याला प्रत्येक घराने गाडीभर लाकूड गडावर पोचवायचं. गावातल्या चुली विझल्या. भाकरी कच्च्या राहू लागल्या. म्हातारी माणसं गोठ्यात गाईंना टेकून बसू लागली.

म्हाकू धनगराने त्या आठवड्यात लाकूड दिलंच नाही. शिपायांनी त्याला दरबारात उभं केलं. त्याच्या मागोमाग त्याची लेक ठकूही घुसली.

"लाकूड का नाही दिलंस?" दिवाण त्र्यंबकपंत गरजले.

म्हाकूने तोंड उघडायच्या आत ठकूच पुढे झाली. "देऊन काय उपयोग? महाराज महाल कुठे तापवतायत? ते आभाळ तापवतायत!"

म्हाकूने कपाळावर हात मारला.

"असं?" राजाच्या मिशा थरथरल्या. "मग तूच तापव हा महाल! पण लाकूड नाही, कोळसा नाही, गोवरी नाही, दिवासुद्धा नाही! उद्या सूर्य मावळायच्या आत मी शाली उतरवल्या, तर मागशील ते देईन. नाही उतरवल्या, तर तुझ्या बापाची सगळी मेंढरं गडावर जमा!"

"ठके, चल घरी," म्हाकू कुजबुजला.

ठकू हलली नाही. "महाराज, महालातल्या वस्तूंना हात लावला तर चालेल?"

"हात लाव, पाय लाव, फक्त आग लावू नकोस!"

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. सकाळीच ठकू गावातल्या बायका घेऊन गडावर आली. कुणाच्या डोक्यावर पेंढा, कुणाच्या खांद्यावर घोंगड्या. त्यांनी आठही शेगड्या विझवून बाहेर काढल्या, खिडक्या लावल्या, फटीफटीत पेंढा कोंबला, वरून घोंगड्या टांगल्या. गार फरशीवर गवत अंथरलं. मग खांबाखांबांना दोर बांधून माणसाच्या डोक्यावर हातभर उंचीवर घोंगड्यांचंच छत ताणलं.

राजा सिंहासनावरून वर बघतच राहिला. "अगं, माझा महाल कुठे गेला?"

"वरच आहे, महाराज. तिथे कुणी बसत नाही, म्हणून त्याला वगळलं!"

वारा थांबला. राजाचे दात वाजायचे थांबले. पण हट्टी तो हट्टीच! सात शाली आणखी आवळून म्हणाला, "वारा अडवलास, कबूल. पण ऊब कुठंय?"

"ऊब चालत येतेय, महाराज. तिला चार पाय आहेत!" असं म्हणून ठकू गड उतरली.

दुपारी ती परतली ती दोनशे मेंढरं हाकत! दरवाजावरचा पहारेकरी खूश झाला. "हरलीस ना? आणलीस ना जमा करायला?"

"आणली खरी. सोड आत!"

त्याने दार उघडलं आणि बें-बें करत दोनशे मेंढरं दरबारात शिरली! मानकरी खांबांना चिकटले. एक एडका थेट सेनापतींच्या गादीवर चढून बसला. एका मेंढीने दिवाणजींचं उपरणं चघळायला घेतलं. ठकूने दार ओढून घेतलं.

"वास येतोय!" राजा नाक दाबून ओरडला.

"वासाची अट नव्हती, महाराज!"

घटका गेली, दोन घटका गेल्या. दोनशे लोकरीची अंगं, दोनशे उष्ण श्वास, वर घोंगड्यांचं झाकण! राजाच्या कपाळावर घाम आला. त्याने एक शाल हळूच सरकवली, कुणी पाहत नाही असं बघून दुसरी. मग तिसरी, चौथी... शेवटी सातवीही भिरकावून तो ओरडला, "अरे, एखादी खिडकी उघडा रे! उकडून मेलो!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. म्हाकूने लेकीकडे असं पाहिलं, जणू ती आजच जन्माला आली होती.

पण दिवाणजी मेंढीच्या तोंडातून उपरणं ओढत किंचाळले, "लबाडी! आगीशिवाय ऊब येतच नाही! हिने कुठेतरी आग लपवलीय. अट मोडली!"

राजाचा चेहरा गंभीर झाला. "खरं सांग पोरी, आग आणलीस?"

"आणली, महाराज," ठकू म्हणाली.

म्हाकू आपल्या मेंढरांकडे शेवटचं पाहून घेऊ लागला.

"दोनशे ठिकाणी आणली. प्रत्येक मेंढीच्या पोटात एकेक, जठराग्नी! सकाळी गवत घातलं, आता ऊब देतोय. तो चालत नसेल, तर आधी दिवाणजींचा विझवा. दुपारी चौदा पुरणपोळ्या घालून ते तोच पेटवून बसलेत!"

राजा हसला. असा हसला की सिंहासन हललं, एडका बिचकून सेनापतींच्या मांडीवर आला, आणि सेनापतीही हसू लागले!

"जिंकलीस! माग!"

"लाकडाचा हुकूम मोडा. आणि गडावर रचलेली लाकडं आजच्या आज घरोघरी परत जाऊ देत. संध्याकाळच्या भाकरी भाजायच्यात."

"दिलं! आणि गडाखालचं कुरण आजपासून तुझं!" राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं.

ठकूने दार उघडलं, जिभेने टक्‌टक् केलं. मेंढरं बाहेर पडू लागली. तेवढ्यात राजाने घाईघाईने हात वर केला.

"शू! सगळी ने, पण ही राहू दे. माझ्या पायांवर झोपलीय, उठवू नकोस!"