सुईणीची मोटरसायकल

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात एक सुईण राहत होती. तेव्हा मोटरसायकल कुठून आली, असं मध्येच विचारू नका! गोष्टीतल्या राजाकडे काय नसतं? घाटात रस्ता नव्हता, म्हणून त्यानं तिच्या गावाला दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या दोन मोटरसायकली धाडल्या. एक पाटलांना आणि एक सुईणीला.

त्या गावची एक रीत होती. नव्या वस्तूला वर्षभर हत्यार लावायचं नाही, लक्ष्मी रुसते! पाटलांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा तसाच ठेवला.

सुईणीनंही नारळ फोडला. पण खोबरं वाटून झालं आणि बाई पाना घेऊन अंगणात फतकल मारून बसली. तिनं चाक काढलं, हँडल सोडलं, सांध्यासांध्यात वंगण भरलं. चाकाच्या तारा एकेक वाजवून पाहिल्या आणि ढिल्या होत्या त्या आवळल्या.

पाटील कुंपणावरून म्हणाले, "अगं आक्का, कोरी करकरीत गाडी आणि तू तिची हाडं मोकळी करतेस? राजाच्या कारागिरांपेक्षा तू शहाणी का?"

"तसं नाही हो, पाटील," ती हसली. "बाळ तर देवानं घडवलेलं असतं. तरी जन्मलं की मी त्याची बोटं मोजते, सांधे हलवून बघते, तेल लावते. नुसतं ओवाळून बाळ बाळसं धरतं होय?"

गाव पोट धरून हसलं. ती मात्र रानातून आली की आधी गाडीचा चिखल धुवायची, साखळीला तेल द्यायची, सैल झालेलं आवळायची, मग स्वतः चहा घ्यायची.

एके दुपारी घाटापलीकडून एक गडी धापा टाकत आला. तिकडे पाटलांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती. आणि बाळ आडवं होतं! पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आक्का, माझ्या गाडीवर बस! अजून कोरी आहे."

"म्हणूनच नको," सुईण म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे, मी माझी घेऊन येते."

पाटील सुसाट सुटले. ओढ्याच्या दगडांत हँडल गदगदलं, साखळी उतरून चाकात अडकली, आणि त्या प्लॅस्टिकवरून घसरून पाटील धपकन पाण्यात!

मागून सुईण आली. पाटलांचे डोळे भरले. "माझं राहू दे. थांबू नकोस, माझी पोर वाचव!"

"वाचवूच की! बसा मागे, ही पिशवी घट्ट धरा."

तिची गाडी कुठे म्हणून अडली नाही. सुईणीनं हलक्या हातानं बाळ फिरवलं आणि दिवेलागणीला पाटलांची नात ट्यांहां करत जगात आली. लेकही सुखरूप होती. पाटील ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले.

ओढ्यात पडलेली गाडी घेऊन पाटील घरी परतले आणि गावानं पाहिलं, तर ते अंगणात बसलेले, हात कोपरापर्यंत काळे, गाडीचं चाक मांडीवर. पाटलीणबाई ओरडल्या, "अहो, लक्ष्मी रुसेल ना!"

"लक्ष्मी तर लेकीच्या पोटी आली," पाटील म्हणाले. "तिच्या बारशाला वेळेवर पोचायचंय. आण तो पाना इकडे!"

तर मंडळी, नव्याला ओवाळावं जरूर, पण वेळेला ते साथ देतं रोजच्या निगेमुळेच.